यलो वॉर्निंग इतक्यांदा आलं आणि काहीच झालं नाही, मग आता फ्लड अलर्टकडे लक्ष द्यायचं का?

आधी प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही दोघं, तीन वर्षांचा मुलगा, आणि डिसेंबरपासून भारतातून आलेले सासू-सासरे. यॉर्कशायरमध्ये नदीपासून पाच मिनिटांवर तळमजल्याचं भाड्याचं घर. ऑक्टोबरपासून मेट ऑफिसचं, म्हणजे इथल्या हवामान खात्याचं, यलो वॉर्निंग सारखं येतंय आणि एकदाही घराजवळ काही झालेलं नाही. शेजारणीच्या सांगण्यावरून तुम्ही पोस्टकोड टाकून फ्लड वॉर्निंगला नाव नोंदवलंत, आणि आता पहिल्यांदाच फ्लड अलर्ट, म्हणजे नदीच्या पुराचा सगळ्यात खालच्या पायरीचा इशारा, आलाय, त्यात रस्त्यावरच्या बर्फाचं यलो पण चालू आहे. मिस्टर म्हणतात हे लोक उगाच घाबरवतात, सासूबाई खरंच घाबरल्यात, आणि तुम्हाला कळत नाहीये की नक्की कधी हलायचं.

मी इथेच उत्तर इंग्लंडमध्ये एका कौन्सिलच्या इमर्जन्सी प्लॅनिंगमध्ये बरीच वर्षं काम करते. हिवाळ्यात आमचं रोजचं काम म्हणजे हेच सगळे इशारे वाचायचे आणि ठरवायचं की शाळेचा हॉल रेस्ट सेंटर (घर सोडावं लागलेल्यांसाठी तात्पुरता निवारा) म्हणून उघडायचा का, कुठल्या गल्लीत दारं ठोठवायला माणसं पाठवायची. त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते, चहा घेऊन बसा.

तुमचा प्रश्न वरवर बघता "इशारा खरा मानायचा की नाही" असा दिसतो, पण मला खरी अडचण वेगळी वाटते. तुमच्या घरात कुठल्या इशाऱ्याला काय करायचं हे ठरलेलंच नाहीये, म्हणून प्रत्येक मेसेज आला की नव्याने वाद सुरू होतो, एक जण म्हणतो काही होत नाही, दुसरा म्हणतो बॅगा भरा, आणि या वादातच वेळ जातो. पूर आलेल्या घरांमध्ये मी हेच सगळ्यात जास्त ऐकलंय, मेसेज आला होता हो, पण आम्ही बोलत बसलो. म्हणून इशारा खरा ठरेल का हे शोधत बसण्यापेक्षा, प्रत्येक पायरीला एक ठरलेलं काम जोडून टाका. खालच्या पायरीचं काम इतकं स्वस्त आणि छोटं ठेवायचं की इशारा वाया गेला तरी कोणाचं काही बिघडत नाही.

आता हे किती लवकर करायचं ते तीन गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या तुमच्या प्रश्नात नाहीयेत, म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

पहिली गोष्ट, नदी कुठली. यॉर्कशायर म्हटलं तरी सगळ्या नद्या सारख्या नाहीत. यॉर्क शहरातली ऊझ नदी हळू चढते, कारण तिचं पाणी वर डेल्सच्या डोंगराळ भागातून स्वेल, यूर, निड या नद्यांतून येतं आणि शहरात पोचायला साधारण दिवसभर लागतो, म्हणजे शहरात ऊन पडलेलं असतं आणि नदी चढत असते. याच्या उलट काल्डर व्हॅली, हेब्डेन ब्रिज, टॉडमॉर्डेन, मिथॉमरॉइड हा भाग. तिथे दोन्ही बाजूंना उभे डोंगर, डोंगरावरचं पाणी काही तासांतच खाली, म्हणून तिथे आजही पुराचे भोंगे बसवलेले आहेत. तुमचं घर ऊझच्या काठी असेल तर फ्लड अलर्ट आल्यावर तुमच्या हातात बहुतेक वेळा चांगला वेळ असतो. काल्डरच्या काठी असेल तर अलर्ट आला म्हणजे कामाला लागलंच पाहिजे, वॉर्निंगची वाट बघत बसायचं नाही.

दुसरी गोष्ट, नदीपासूनचं अंतर नाही तर उंची. पाच मिनिटं चालत म्हणजे काहीच कळत नाही. घर रस्त्यापेक्षा खाली आहे का, दारात पायऱ्या वर चढून जाता की खाली उतरून, मागच्या बाजूला ओढा किंवा मोठं गटार आहे का, हे बघा. शेजारच्या जुन्या माणसांना सरळ विचारा की २०१५ च्या डिसेंबरमध्ये इथे पाणी कुठपर्यंत आलं होतं. त्या वर्षी २६ डिसेंबरला काल्डर व्हॅली, लीड्स, यॉर्क सगळीकडे पाणी शिरलं होतं आणि लोकांच्या ते चांगलं लक्षात आहे, भिंतीवर हात ठेवून दाखवतात. आणि नदीला संरक्षक भिंत आहे म्हणून निश्चिंत राहू नका. कार्लाइलमध्ये २००५ ला मोठा पूर आला, त्यानंतर नव्या भिंती बांधल्या, आणि २०१५ च्या डेस्मंड वादळात पाणी त्या भिंतींवरून आत आलं. भिंतीमुळे पूर कमी वेळा येतो, पण एक ठराविक पातळी ओलांडली की भिंत असूनही येतोच.

तिसरी गोष्ट, तुमच्या घरातली माणसं किती वेगाने हलू शकतात. एकटा तरुण माणूस दहा मिनिटांत जॅकेट घालून निघतो. तुमच्याकडे लहान मूल आहे, दोन ज्येष्ठ आहेत ज्यांना इथला हिवाळा नवीन आहे, त्यांची औषधं आहेत, सासऱ्यांच्या गुडघ्याचा त्रासही तुम्ही लिहिलाय. अशा घराला मी नेहमी सांगते की तुम्ही इतरांपेक्षा एक पायरी आधी हला.

आता रंगांचं. यलो म्हणजे थोडा पाऊस, अंबर म्हणजे मध्यम, रेड म्हणजे खूप, असं जवळपास सगळ्यांना वाटतं, आणि गोंधळ तिथेच होतो. मेट ऑफिसचा रंग पावसाच्या मिलिमीटरवरून ठरत नाही. ते दोन गोष्टी बघतात, नुकसान किती होऊ शकतं आणि ते होण्याची शक्यता किती. वॉर्निंगच्या पानावर खाली जाऊन बघा, तिथे चौकोनांची एक छोटी जाळी असते, चार आडवे, चार उभे, आणि त्यातल्या एका चौकोनात खूण केलेली असते. आडवं बघितलं की परिणाम, उभं बघितलं की शक्यता. आता गंमत अशी की यलोचे चौकोन बरेच आहेत. "त्रास होणार हे जवळपास नक्की, पण किरकोळ" हेही यलो, आणि "शक्यता कमी, पण झालं तर मोठं नुकसान" हेही यलोच. पहिल्या प्रकारचं यलो म्हणजे ट्रेन उशिरा, रस्त्यावर डबकी, बास. दुसऱ्या प्रकारचं यलो म्हणजे बहुतेक वेळा काहीच होणार नाही, पण ज्या एका खोऱ्यात पाऊस जमून बसेल तिथे घरात पाणी. तुम्हाला आतापर्यंत आलेली सगळी यलो एकाच प्रकारची होती का हे तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही फक्त रंग बघितलात. पुढच्या वेळी खूण कुठे आहे ते बघा. उजवीकडे सरकलेली असेल तर ते यलो गंभीरपणे घ्यायचं, शक्यता कमी लिहिलेली असली तरी.

याचं उदाहरण फार जुनं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये बर्ट वादळात साउथ वेल्समधल्या पॉन्टिप्रिथ गावात टॅफ नदीचं पाणी घराघरांत आणि दुकानांत शिरलं, आणि तेव्हा तिथे पावसाचं जे वॉर्निंग होतं ते यलोच होतं. नंतर यावर बरीच टीका झाली, चर्चा झाली. माझ्यासाठी त्यातला कामाचा भाग एवढाच की "अंबर आलं की बघू" असं धोरण घरासाठी ठेवता येत नाही. रेड तर फारच क्वचित येतं, शक्यता आणि परिणाम दोन्ही सगळ्यात वर असतील तेव्हाच. रेडची वाट बघणारा माणूस आयुष्यभर वाट बघेल आणि त्याचं घर मात्र यलोमध्ये भिजेल.

आणि दुसरं म्हणजे हे दोन वेगळे इशारे आहेत, वेगळ्या लोकांनी दिलेले. मेट ऑफिस आभाळाचं सांगतं, पाऊस, वारा, बर्फ, धुकं. नदीचं सांगते ती इंग्लंडमध्ये एन्व्हायर्नमेंट एजन्सी. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये त्यासाठी वेगळ्या संस्था आहेत पण पायऱ्या त्याच तीन. २००७ च्या मोठ्या पुरानंतर २००९ मध्ये मेट ऑफिस आणि एन्व्हायर्नमेंट एजन्सी या दोघांचं मिळून फ्लड फोरकास्टिंग सेंटर सुरू झालं, त्यामुळे आतून ते एकत्र काम करतात, पण तुमच्या फोनवर येणारे मेसेज वेगवेगळेच असतात. म्हणून असं होऊ शकतं की मेट ऑफिसचं वॉर्निंग संपलंय, पाऊस थांबलाय, आणि नदीचं वॉर्निंग त्यानंतर येतं. लोक म्हणतात पाऊस तर थांबला, आता कसलं वॉर्निंग. ऊझसारख्या नदीला तर हेच नेहमीचं आहे.

नदीच्या तीन पायऱ्या अशा. फ्लड अलर्ट म्हणजे पूर येऊ शकतो, तयारीत रहा, हा साधारण दोन तास ते दोन दिवस आधी येतो आणि मोठ्या पट्ट्यासाठी असतो, त्यात नदीकाठची शेतं, सखल रस्ते, फुटपाथ सगळं येतं, म्हणून अलर्ट आला आणि घरात काही झालं नाही हे अगदी स्वाभाविक आहे. फ्लड वॉर्निंग म्हणजे तुमच्या भागातल्या घरांपर्यंत पाणी येईल असा अंदाज आहे, आता हातपाय हलवा, हा अर्धा तास ते एक दिवस आधी येतो. आणि तिसरी सिव्हिअर फ्लड वॉर्निंग, जिवाला धोका, सांगितलं तर घर सोडायचं. लक्षात घ्या की अलर्टवरून थेट घरात पाणी असं सहसा होत नाही, पण अलर्टवरून वॉर्निंगला आणि वॉर्निंगवरून पाण्याला यायला कधीकधी एकच रात्र पुरते.

यात एक मोठी फट आहे आणि ती कोणी सांगत नाही. रस्त्यावर पडलेलं पाणी गटारात न मावता घरात शिरतं, त्याला इथे सरफेस वॉटर म्हणतात, त्यासाठी अशी घरागणिक वॉर्निंग येत नाही. नदी शांत असताना उताराच्या तळाशी असलेल्या घरात पाणी जाऊ शकतं आणि फोन गप्प असतो. म्हणून सरकारी साइटवर पोस्टकोड टाकून तुमच्या घराचा लाँग टर्म रिस्क, म्हणजे दीर्घकाळाचा पुराचा धोका, एकदा बघून ठेवा, तिथे नदी-समुद्राचा धोका आणि सरफेस वॉटरचा धोका वेगवेगळा दाखवतात. सरफेस वॉटरचा जास्त असेल तर तुमच्यासाठी मेट ऑफिसचं पावसाचं यलोच पहिली पायरी आहे, त्यापुढची पायरी येणारच नाही असं समजून चाला.

मिस्टरांच्या मुद्द्यावर येते, कारण तो मुद्दा चुकीचा नाही. इशारा सारखा येऊन काहीच झालं नाही तर माणसाचं मन त्याला बंद करून टाकतं, आणि आम्ही या क्षेत्रातली माणसं या गोष्टीचा खूप विचार करतो. पण त्यांना हा हिशोब दाखवा. समजा तुमच्या घराला दरवर्षी १ टक्का पुराची शक्यता आहे, सरकारी नकाशात हे मध्यमच्या खालच्या टोकाला येतं. १ टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण तीस वर्षं त्या घरात राहिलात तर एकदा तरी पाणी येण्याची शक्यता साधारण २६ टक्के होते. तुम्ही भाड्याने आहात, तीस वर्षं राहणार नाही, ठीक आहे, तुमची जोखीम कमी आहे. पण म्हणूनच खालच्या पायरीला छोटं काम ठेवायचं. पासपोर्ट, व्हिसाची कागदं, सासूबाईंची औषधं एका पिशवीत भरून वरच्या कपाटात ठेवायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास दहा वेळा वाया गेला तरी चालेल, अकराव्या वेळी उपयोगी पडला तर सगळं वसूल.

आता हिवाळ्याचं, कारण पूर आणि हिवाळा एकत्र आले की गणित बदलतं.

एक म्हणजे जमीन. ऑक्टोबरमध्ये पडलेला पाऊस जमीन बराचसा पिऊन टाकते. जानेवारीपर्यंत माती तुडुंब झालेली असते, झाडांना पानं नसतात, ऊन नाही त्यामुळे वाफ होऊन जाणं नाही. आधीच भिजलेल्या टॉवेलने लादी पुसायला गेलं की पाणी टिपलं न जाता नुसतं इकडून तिकडे सरकतं, तसं होतं. तेवढाच पाऊस, पण ऑक्टोबरमध्ये नदी जागची हलली नाही आणि आता अलर्ट आलाय, याचं कारण हे आहे. म्हणजे "मागच्या वेळी एवढाच पाऊस होता, काही झालं नाही" हे वाक्य हिवाळ्यात वापरायचं नाही.

दुसरं म्हणजे बर्फ. बर्फ पडलेला असताना पूर येत नाही, बर्फ वितळताना येतो. खाली जमीन गोठलेली, वर साठलेला बर्फ, आणि त्यावर अचानक उबदार वारा आणि पाऊस, म्हणजे दोन महिन्यांचं पाणी एकदम सुटतं. १९४७ च्या मार्चमध्ये नेमकं हेच झालं होतं आणि इंग्लंडचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला होता. म्हणून डोंगरावर भरपूर बर्फ आहे आणि फोरकास्टमध्ये तापमान एकदम आठ-दहा डिग्रीवर जाताना दिसतंय, सोबत पावसाचं चिन्ह आहे, तर लोक म्हणतात चला थंडी संपली, पण आम्ही तेव्हा नदीचे आकडे उघडून बसतो.

तिसरं, पाणी ओसरल्यावरचा बर्फ. तुमच्याकडे पुराचा अलर्ट आणि बर्फाचं यलो एकाच वेळी आहे ते यामुळेच, पाऊस जाऊन आकाश मोकळं होतं, रात्री तापमान शून्याखाली जातं, आणि रस्त्यावर उरलेल्या पाण्याची काच होते. दिसतही नाही, काळा रस्ता ओला आहे एवढंच वाटतं. सासूबाई-सासऱ्यांना सकाळी फिरायला जायची सवय असेल तर बर्फाचं यलो असलेल्या सकाळी त्यांना बाहेर सोडू नका. आम्हाला पुरापेक्षा मनगट आणि खुबा मोडल्याचेच फोन जास्त येतात.

चौथं, आणि माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं, वीज. ५ डिसेंबर २०१५ ला डेस्मंड वादळात लेक डिस्ट्रिक्टमधल्या हॉनिस्टर पासला २४ तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस झाला, ब्रिटनमधला तो विक्रम आहे. त्या रात्री लँकेस्टरमध्ये पुराचं पाणी विजेच्या सबस्टेशनमध्ये शिरलं आणि जवळपास ६१,००० ग्राहकांची वीज गेली. ज्यांच्या घरात एक थेंब पाणी आलं नव्हतं त्यांचीही. वीज गेली तसं थोड्या वेळात मोबाइलचं नेटवर्क गेलं, वायफाय गेलं, एटीएम बंद, कार्ड मशीन बंद, इलेक्ट्रिक शेगडी बंद, आणि गॅसचा बॉयलर असला तरी त्याचा पंप विजेवर चालतो त्यामुळे हीटिंग पण बंद. डिसेंबरची रात्र, चारला अंधार पडलेला. म्हणजे ज्या फोनवर तुम्ही पुढच्या इशाऱ्याची वाट बघताय तो फोनच बंद पडू शकतो. आणि आता तर घरातले लँडलाइन पण डिजिटल होत चाललेत, ते राउटरवर चालतात, वीज गेली की तेही गेले. म्हणून मी लोकांना सांगते की शेवटचा मेसेज येईपर्यंत थांबू नका, तो पोचेलच असं नाही. सेलवर चालणारा साधा रेडिओ घरात असू द्या, पॉवर बँक भरलेली असू द्या, थोडी रोख रक्कम असू द्या.

मधेच एक उजळणी करते, कारण लांबलं. रंग बघू नका, जाळीतली खूण बघा. मेट ऑफिस आभाळाचं सांगतं, एजन्सी नदीचं. नदी कुठली यावर वेळ ठरतो. हिवाळ्यात जमीन भरलेली आणि वीज बेभरवशाची.

आता तुमच्या घरासाठी मी काय ठरवलं असतं ते सांगते.

मेट ऑफिसचं पावसाचं यलो आलं की एवढंच, खूण कुठे आहे ते बघायचं, फोन आणि पॉवर बँक चार्ज करायची, औषधं निदान आठवडाभराची आहेत ना हे बघायचं. पाच मिनिटांचं काम, घरात चर्चा नाही.

फ्लड अलर्ट आला, म्हणजे तुम्ही आज जिथे आहात तिथे, की कागदपत्रांची आणि औषधांची पिशवी भरायची, मुलाचे दोन दिवसांचे कपडे आणि प्रत्येकाचा एक गरम थर त्यात टाकायचा, गाडी सखल जागी असेल तर उंचावर नेऊन लावायची, आणि नदीची पातळी बघायला सुरुवात करायची. पातळी कशी बघायची ते शिकून घ्या, फार सोपं आहे. एजन्सीच्या साइटवर तुमच्या जवळचं मोजमाप केंद्र शोधा, तिथे दर १५ मिनिटांनी मोजलेल्या पातळीचा आलेख असतो, आणि त्या जागेची नेहमीची पातळी किती आणि आजवरची सगळ्यात उंच किती हेही लिहिलेलं असतं. त्या आकड्याचा पाण्याच्या खोलीशी सरळ संबंध लावू नका, दोन मीटर लिहिलंय म्हणजे दोन मीटर खोल पाणी असं नसतं, आणि एका केंद्राचा आकडा दुसऱ्याशी ताडून बघू नका. फक्त त्याच केंद्राच्या जुन्या आकड्यांशी तुलना. मी स्वतः आकड्यापेक्षा रेषेचा चढ बघते, ती सरळ वर चाललीय की वाकून सपाट व्हायला लागलीय. आणि तुमच्या केंद्राआधी नदीच्या वरच्या बाजूचं केंद्र बघा. वरची रेषा अजून चढत असेल तर तुमच्याकडची आत्ता सपाट दिसली तरी हुरळून जायचं नाही, वरची वाकली की मग खालचीही थोड्या तासांनी वाकते. हे मिस्टरांना दाखवा, ज्यांना इशाऱ्यांवर विश्वास बसत नाही अशा बऱ्याच जणांना हा आलेख पटतो, कारण तिथे कोणी काही सांगत नसतं, नुसतं मोजलेलं असतं.

फ्लड वॉर्निंग आली की तुमच्या घराने सासू-सासऱ्यांना आणि मुलाला घेऊन उजेडातच निघावं असं माझं स्पष्ट मत आहे. ओळखीच्यांकडे, मित्रांकडे, जिथे नदी ओलांडावी लागत नाही अशा बाजूला. सगळेजण सिव्हिअरची वाट बघतात, पण सिव्हिअर रात्री दोनला आली तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला अंधारात, पावसात, बर्फाळ पायऱ्यांवरून कसं नेणार. कोणाकडे जायचं हे आजच फोन करून विचारून ठेवा, तेव्हा नाही. कोणीच नसेल तर कौन्सिल रेस्ट सेंटर उघडतं, शाळा किंवा स्पोर्ट्स सेंटरमध्ये, तिथे जायला लाजू नका, फुकट असतं आणि कोणी व्हिसा विचारत नाही. तुम्ही दोघांपैकी एक जण मागे राहणार असाल तर तेवढ्या वेळात करण्यासारखं म्हणजे गालिचे, लॅपटॉप, खालच्या कपाटातल्या वस्तू उंचावर, सिंक आणि टबाची बुचं लावून त्यावर वजन, कारण पाणी नेहमी दारातूनच येतं असं नाही, बऱ्याच घरांत ते आधी टॉयलेटमधून आणि भिंतीत खाली असलेल्या जाळीच्या विटांमधून येतं, आणि ते पाणी सांडपाणी मिसळलेलं असतं. वीज आणि गॅस बंद करायचे ते पाणी आत येण्याआधी. एकदा पायाखाली पाणी असलं की मेन स्विचला हात लावायचा नाही.

आणि गाडीने पाण्यातून जायचं नाही, कितीही ओळखीचा रस्ता असला तरी. ३० सेंटिमीटर वाहतं पाणी साधी गाडी ढकलून नेऊ शकतं, म्हणजे जेमतेम गुडघ्याच्या खाली. चालणाऱ्या माणसाला तर १५ सेंटिमीटर जोराचं पाणी पाडू शकतं, आणि हिवाळ्यात ते इतकं गार असतं की हातापायांची ताकद काही मिनिटांतच जाते.

सासूबाईंच्या भीतीबद्दल. ज्येष्ठ माणसं सहसा पुराला तेवढी घाबरत नाहीत जेवढी आपल्याला काय चाललंय हे कोणी सांगत नाही याला घाबरतात. त्यांना मराठीत कागदावर लिहून द्या, हा मेसेज आला की आपण हे करणार, तो आला की ते. त्यांच्याकडे एक काम द्या, औषधांची पिशवी त्यांची जबाबदारी. आणि सरकारी इमर्जन्सी अलर्ट काय असतो ते आधी सांगून ठेवा, फोन सायलेंटवर असला तरी दहा सेकंद भोंग्यासारखा मोठ्याने वाजतो, अचानक वाजला तर कोणाच्याही छातीत धस्स होईल. डिसेंबर २०२४ मध्ये डॅराह वादळाच्या वेळी वेल्स आणि साउथ वेस्ट इंग्लंडमधल्या साधारण ३० लाख लोकांना तो आदल्या संध्याकाळी आला होता, रेड वाऱ्याचं वॉर्निंग पहाटे तीनपासून होतं. म्हणजे तो वाजला की लगेच पळायचं असं नाही, आधी वाचायचं, वेळ काय लिहिलीय ते बघायचं.

दोन नंबर फ्रिजवर लावून ठेवा. वीज गेली तर १०५, फुकट आहे. पुराची माहिती फोनवर ऐकायची तर फ्लडलाइन ०३४५ ९८८ ११८८, नेट नसताना हा कामाला येतो. जीव धोक्यात असेल तर अर्थातच ९९९. आणि आजच एक गोष्ट करा, तुमच्या भागाच्या वीज नेटवर्क कंपनीच्या प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये नाव घाला. पाच वर्षांखालचं मूल आहे, ज्येष्ठ आहेत, तुम्ही दोन्हींमध्ये बसता, वीज जास्त वेळ गेली तर अशा घरांची आधी विचारपूस होते. घरातल्या सामानाचा विमा काढलाय का तेही बघा, घरमालकाच्या विम्यात फक्त इमारत येते, तुमचा सोफा आणि टीव्ही येत नाही.

पाऊस ओसरून कडाका पडला आणि बॉयलर बंद होऊन गुडगुड आवाज करायला लागला तर घाबरू नका, बहुतेक वेळा बाहेरच्या भिंतीवरचा पातळ प्लास्टिकचा पाइप गोठलेला असतो. त्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नाही, आणि बॉयलर रीसेट करा. घरमालकाला कळवा म्हणजे पाइपला वेष्टण घालून देईल. हीटिंग बंद असताना उबेसाठी कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू घरात आणायचं नाही, दार बंद असलं की विषारी वायू साठतो आणि त्याला वास नसतो.

शेवटी, परत कधी यायचं. "वॉर्निंग मागे घेतली" असा मेसेज येतो त्याचा अर्थ नदी आता पुढे चढणार नाही असा अंदाज आहे, तुमच्या गल्लीतलं पाणी गेलंय असा नाही. आधी एक जण दिवसा जाऊन बघून येऊ दे, मुलाला आणि सासू-सासऱ्यांना नंतर आणा. पाणी आत आलं असेल तर साफसफाईआधी भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढा, विम्याला लागतात, आणि इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका. नदीचं नाव आणि गावाचा साधारण भाग सांगितलात तर कुठलं मोजमाप केंद्र बघायचं ते मी सांगते, घराचा पत्ता मात्र इथे टाकू नका.